ढोर कोण ओढणार?

मीरा-भाईंदरच्या आभाळात घारी आहेत, कावळे आहेत, कबुतरं तर माणशी दोन असावीत. गिधाड नाही. २०११च्या जनगणनेत ८,०९,३७८ माणसं मोजलेल्या या शहराचं गिधाडावाचून काही अडलंय, असं वरवर तरी दिसत नाही. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, पश्चिमेला उत्तनचा किनारा, मध्ये खाडी, मिठागरं आणि टॉवर. रस्त्यात एखादं जनावर मरून पडलं की लोक नाकाला रुमाल लावतात, पालिकेला फोन करतात, गाडी येऊन उचलून नेते. पुढं त्याचं काय होतं हे विचारायची पद्धत नाही.

हे विचारायलाच हवं असं म्हणणारी एक मुलगी आणि विचारायचं काही कारण नाही असं म्हणणारे तिचे मामा, या दोघांच्या मध्ये मी सापडलो. मामा आमच्याच मजल्यावर राहतात, भाईंदर पूर्वेला. एका महापालिकेच्या स्वच्छता खात्यात मुकादम म्हणून लागले आणि निरीक्षक होऊन निवृत्त झाले. मूळचे महाड तालुक्यातले. भाची रायगडातच पशुधन पर्यवेक्षक आहे. गुरांना लस टोचणं, रेतन करणं, अडलेली गाय सोडवणं हा तिच्या पगाराचा भाग. म्हसळ्याकडच्या गिधाडांसाठी मेलेली गुरं मिळवणं हा बिनपगारी उद्योग. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी जगभर गिधाड जागृती दिवस पाळतात. त्यानिमित्तानं मीरा रोडच्या एका शाळेत बोलायला म्हणून ती आली आणि मुक्कामाला मामांकडे उतरली. मामांनी भाषण काही ऐकलं नव्हतं. टीपॉयवर पडलेलं पोस्टर तेवढं वाचलं होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं : ‘गिधाडे – निसर्गाचे सफाई कामगार’.

मामा : सफाई कामगार म्हणे! पीएफ कापता का त्यांचा?

भाची : मामा, मुलांना कळावं म्हणून तसं लिहिलंय.

मामा : मुलांना काय कळलं? सफाई कामगार म्हणजे मढं खाणारा पक्षी. बत्तीस वर्षं खात्यात काढली मी. माझ्या माणसांना कुणी साधं ‘अहो’ म्हटलं नाही, आणि आता गिधाडाचा मान वाढवायला आमचं नाव घेता? बरं, ते जाऊ दे. कामाचं बोलू. मेलेलं जनावर उचलायला गाडी आहे, पुरायला जेसीबी आहे, जाळायला भट्टी करता येते. पैसा खर्चायचाच तर तिथं खर्चा. पक्ष्यावर कशाला?

भाची : जेसीबी तुझ्या भाईंदरला आहे. वाडीवर पावसाळ्यात बैल मेला तर जेसीबी चढत नाही. मग तो बैल ओढ्यात पडतो. तीस-चाळीस गिधाडं उतरली तर अर्ध्या-पाऊण तासात हाडं उरतात. त्यांच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की सडक्या मांसातले बहुतेक जंतू तिथंच संपतात. तोच बैल कुत्र्यांवर सोडला तर आठवडा जातो, आणि तेवढ्यात पाण्यात काय काय उतरतं ते तुला मी सांगायला नको.

मामा : सडलेल्या जनावराचं मला सांगूच नकोस. २६ जुलै २००५. पाणी ओसरल्यावर तबेल्यांत काय होतं माहितीये? दावं तुटलं नाही म्हणून जागच्या जागी बुडालेल्या म्हशी. दुसऱ्या दिवशी फुगल्या. तिसऱ्या दिवशी पायाला दोर बांधून ओढलं तर कातडं दोराबरोबर यायला लागलं. कापूर लावलेला रुमाल तोंडाला बांधून आम्ही त्या डंपरात चढवल्या, खड्ड्यात टाकल्या, वर चुना आणि मीठ. दोन पोरं माझी तापानं फणफणली त्या आठवड्यात. तेव्हा कुठं होते गं तुझे कामगार?

भाची : मेले होते.

मामा काही बोलले नाहीत, म्हणून तिनंच पुढं सांगितलं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं आपल्या देशात हजारामागं एक उरली. लांब चोचीची शंभरामागं तीन. म्हणजे मामा डंपरापाशी उभे होते तेव्हा आभाळ रिकामं होऊन गेलेलं होतं, आणि ते रिकामं झालंय हे पक्षी मोजणारे सोडले तर कुणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं. भरतपूरच्या पाणपक्ष्यांच्या अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभु प्रकाश यांना नव्वदच्या दशकात मान खाली टाकून फांदीवर बसलेली गिधाडं दिसायला लागली होती. ती तशीच बसून राहायची आणि मग खाली पडायची. प्रथम सगळ्यांचा संशय एखाद्या विषाणूवर. २००४ साली पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांची तपासणी करून लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खरं कारण छापलं, तेव्हा ते औषधाच्या दुकानात निघालं.

योगायोग असा की ते कारण मामांच्या टीपॉयवरही होतं. गुडघ्याला लावायची मलमाची ट्यूब. भाचीनं ती उचलून मला दाखवली.

भाची : हे डायक्लोफिनॅक. मामानं गुडघ्याला लावलं तर गिधाडाचं काही बिघडत नाही. पण हेच औषध सुईतून बैलाला दिलं आणि बैल दोन-तीन दिवसांत मेला, की त्याच्या मांसात ते शिल्लक असतं. गिधाडानं ते खाल्लं की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात. युरिक आम्ल बाहेर पडायला वाट राहत नाही. पक्षी फाडून बघितला तर काळीज, यकृत, सगळ्यावर खडूची भुकटी फासल्यासारखा पांढरा थर असतो.

मामा : एका बैलानं सगळ्या देशातली गिधाडं मेली?

भाची : तोच तर हिशेब आहे. एका मेलेल्या बैलावर पन्नास गिधाडं बसतात, आणि एक गिधाड वर्षभरात कितीतरी बैलांवर बसतं. शास्त्रज्ञांनी गणित मांडलं, तर मेलेल्या शंभर जनावरांतल्या एकातसुद्धा औषध असायची गरज नव्हती. त्याहून कमी पुरलं. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. पिल्लाला वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. भरपाई व्हायची कशी?

मामा : आणि औषध काय तुम्ही डॉक्टर लोकांनी वाईट हेतूनं दिलं होतं? शेतकऱ्याचा बैल लंगडतोय, उद्या नांगराला जुंपायचाय, सुई मारली की उभा राहतो. स्वस्तात उभा राहतो. माझ्यासमोर कुणी असता तर मीही म्हटलं असतं, मार.

मामांचा हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण गिधाडांच्या कहाणीत खलनायक शोधायला गेलं तर सापडत नाही. नव्वदच्या दशकात डायक्लोफिनॅकचं पेटंट सरलं, भाव कोसळला, आणि १९९४च्या सुमारास ते गुरांसाठी गावोगाव मिळायला लागलं. औषध चांगलं होतं. गुरांच्या वेदना खरोखर कमी व्हायच्या. मे २००६मध्ये केंद्र सरकारनं जनावरांसाठी त्यावर बंदी आणली. त्याच सुमारास मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना बाधत नाही, हे चाचण्यांनी दाखवून दिलं होतं. पण दुकानात माणसांसाठीची ३० मिलीची कुपी मिळतच होती आणि ती गोठ्यात पोचतच होती. २०१५मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलीवर आणली, तेव्हा कुठं ती वाट अरुंद झाली. म्हशीला पुरेल एवढा डोस भरायला पाच-सहा कुप्या फोडत बसायचं कोण? बंदीहुकमापेक्षा हा कंटाळा जास्त कामाचा ठरला असावा असं मला वाटतं.

भाची : त्यानंतरही पळवाट होतीच. अ‍ॅसिक्लोफिनॅक. गाईच्या पोटात गेलं की त्याचं डायक्लोफिनॅकच होतं. म्हणजे दारातून हाकललेला पाहुणा खिडकीतून आत. २०२३च्या जुलैत ते आणि किटोप्रोफेन, दोन्ही गुरांसाठी बंद झाली. २०२४ संपता संपता निमेसुलाइड. बंदी एकेका औषधावर येते, आणि दुसरं बाजारात आधीच असतं. आधी तपासा, गिधाडाला चालतं का बघा, मग गुरांसाठी परवाना द्या, अशी उलटी रीत अजून बसलेली नाही.

मामा : आता मला हे सांग. इथं भाईंदरला बसून मी काय करू? इथं ना बैल, ना गिधाड.

भाची : इथं कुत्री आहेत की.

हा शब्द निघाला आणि मामांचा आवाज चढला. मीरा-भाईंदरात कुत्र्यांवर कुणाशीही बोला, आवाज चढतोच. भाचीनं तिचा आकडा मांडला. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये छापलेल्या अभ्यासानुसार, गिधाडं गेल्यामुळं २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जादा माणसं दगावली. मढ्यांवर कुत्री पोसली गेली, रेबीज वाढला, पाणी नासलं.

मामा : पाच लाख कुणी मोजले? मृत्यूच्या दाखल्यावर कुणी ‘गिधाड नसल्यामुळे’ असं लिहिलं होतं का?

भाची : मोजले नाहीत, ताडले. काही जिल्हे गिधाडांना मानवणारे, काही मुळातच न मानवणारे. १९९४च्या आधी दोन्हीकडचा मृत्युदर बरोबरीनं चालत होता. नंतर गिधाडांच्या जिल्ह्यांत तो चार टक्क्यांहून जास्त वर गेला, दुसरीकडे गेला नाही.

मामा : त्याच वर्षांत आणखी शंभर गोष्टी बदलल्या. ताडणं आणि मोजणं यांत फरक आहे, बाय. आणि या शहरातली कुत्री मेलेल्या बैलांवर वाढलेली नाहीत. ती चायनीजच्या गाड्यांमागं टाकलेल्या कोंबडीच्या आतड्यांवर वाढली, कचराकुंडीवर वाढली. उद्या तू इथं शंभर गिधाडं आणून सोडलीस तरी गल्लीतलं एक कुत्रं कमी होणार नाही. निर्बीजीकरण करा, कचरा वेळेवर उचला, रेबीजची लस टोचा. माझ्या खात्याचं काम गिधाडाच्या गळ्यात बांधू नकोस.

भाची : शहराचं मान्य. गावाचं नाही.

ती हे इतक्या पटकन मान्य करेल असं मामांना वाटलं नसावं. मला मात्र तिचं पटलं. गिधाडांची बाजू घेणारे पुष्कळदा सगळ्या रोगांवर तेच औषध सांगत सुटतात, आणि ऐकणारा मग खऱ्या मुद्द्यावरही विश्वास ठेवेनासा होतो. पाच लाखांच्या आकड्याबद्दल मामांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही; तो अंदाज आहे आणि अंदाज म्हणूनच वाचायला हवा. पण दिशेबद्दल शंका घ्यायला जागा कमी आहे. त्याच अभ्यासात कुत्र्यांची संख्या, रेबीजच्या लशीची विक्री आणि पाण्यातली घाण, तिन्ही एकाच बाजूला सरकलेली दिसतात.

मामा : आणि काळपुळीनं मेलेलं जनावर? ते फाडायचंच नसतं. रक्त उघड्यावर आलं की जंतू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. ते गिधाडांपुढं टाकणार तू?

भाची : नाही. धडधाकट जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून काळं रक्त आलं, तर ते खोल पुरायचं. तिथं तुझा चुनाच हवा. आणि ज्याला आठ दिवसांत कुठलीही सुई टोचलीय ते जनावरही मी नेत नाही. मालकाला विचारते, दवाखान्याचं रजिस्टर बघते. आता तू विचारलंस ना, भाईंदरला बसून काय करू? तबेले आहेत या पट्ट्यात. गुरांच्या औषधांची दुकानं आहेत. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे इथून गोशाळांना पैसा जातो.

मामा : पैसा जातो तो पुण्यासाठी जातो. गिधाडाचा त्यात काय संबंध?

भाची : भाकड, म्हातारी, पाय मोडलेली गुरं कुठं जातात? पांजरपोळात. तिथं ती मरेपर्यंत सांभाळतात, आणि दुखतं म्हणून वेदनाशामक देतात. दया म्हणूनच देतात. म्हणजे जे जनावर लवकर मरणार आहे नेमकं त्यालाच औषध. देणगी देणाऱ्यानं पावती घेताना एवढंच विचारावं, तुमचा डॉक्टर कुठलं औषध वापरतो? मेलॉक्सिकॅम असेल तर देणगी दुप्पट करा.

मला हे शहर आठवत होतं. इथल्या कितीतरी घरांत सकाळी दुकान उघडण्याआधी जीवदयेच्या पेटीत पैसे पडतात. जीवदया अंगात मुरलेली ही माणसं आहेत. त्यांना गिधाडाची कणव शिकवायला नको, औषधाचं नाव तेवढं सांगायला हवं. २०१५ साली राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून म्हातारी होऊन मरणारी गुरं वाढली असणार हे उघड आहे, आणि ती मरताना त्यांच्या अंगात काय असतं हा प्रश्न म्हणूनच पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे.

भाची : आणि लांब आहे म्हणू नकोस. म्हसळ्यापासून भाईंदर सरळ रेषेत सव्वाशे-दीडशे किलोमीटर. गिधाडाला एका दिवसाचं उड्डाण. जानेवारी २०२४मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून वीस गिधाडं महाराष्ट्रात आणली, ताडोबा आणि पेंचला. पाठीवर ट्रान्समीटर लावून सोडली. त्यातलं एक तमिळनाडूपर्यंत गेलं. त्यानं वाटेत कुठं कुठं खाल्लं असेल?

मामा : म्हणजे ताडोब्यात सगळं चोख ठेवलंत आणि वाटेत कुणी सुई टोचलेली म्हैस उघड्यावर टाकली, की लाखांचा खर्च पाण्यात.

भाची : आता कसं बोललास!

मामा : बोललो म्हणजे तुझ्या बाजूनं बोललो असं नाही. मलबार हिलला विचार. तिथं दाखम्यात पारशी आपली प्रेतं गिधाडांपुढं ठेवतात. पारशांकडे पैशाची ददात नव्हती, दाखम्याभोवती रान होतं, श्रद्धा होती. माझ्या तरुणपणी केम्प्स कॉर्नरवरून मान वर केली की गिधाडं घिरट्या घालताना दिसायची. हँगिंग गार्डन म्हणे त्यासाठीच पाण्याच्या टाकीवर घातलं, वरून काही पडू नये म्हणून, असं आम्हाला जुने लोक सांगायचे. गेली ना तीसुद्धा?

भाची : गेली. मग तिथं उन्हाची उष्णता एकवटणारे आरसे बसवले. २०१५पासून वरळीला पारशांसाठी प्रार्थनागृह आहे, ज्यांना दहन हवं त्यांच्यासाठी. मोठ्या पिंजऱ्यात गिधाडं पाळायचाही विचार झाला होता. अडचण तीच. माणूस शेवटच्या दुखण्यात वेदनाशामक घेणारच.

एवढा वेळ वाद औषधांचा आणि पक्ष्यांचा चालला होता. मामांच्या मनातलं खरं अजून बाहेर आलं नव्हतं. चहा झाला, वहिनींनी पोह्याच्या ताटल्या ठेवल्या, आणि मग त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे न बघताच विषय काढला.

मामा : माझा आजा, तुझा पणजा, मार्च १९२७च्या महाडच्या परिषदेला होता. चवदार तळं सगळ्यांना माहीत आहे. त्या परिषदेत आणखी काय सांगितलं होतं? मेलेलं ढोर ओढू नका. मृत मांस खाऊ नका. घरी येऊन आज्यानं दोर जाळला. गाव म्हणालं, मग ढोर कोण ओढणार? तो म्हणाला, ज्याचं आहे त्यानं. त्या एका वाक्यापायी त्याला बलुतं बंद झालं, पिठाच्या गिरणीवर दळण घेईनात. चान्या, म्हणजे मांसाच्या पट्ट्या, वाळत घातलेलं आंगण मी नाही बघितलं, कारण आज्यानं ते बंद केलं. आणि त्याच घरातली मुलगी, सरकारी नोकरीत असून, ढोरं गोळा करते आणि शाळेत जाऊन त्याचं कौतुक सांगते. मला काय वाटत असेल?

भाची : मला ठाऊक आहे काय वाटतं ते. आईलाही तेच वाटतं. पण पणजोबांनी सोडलं ते सक्तीनं आणि फुकट करायला लागायचं म्हणून.

मामा : आणि घाण होतं म्हणून. दोन्ही. तुम्ही शिकलेले लोक दुसरं कारण गाळता.

इथं माझं स्वतःचं मत सांगितल्यावाचून राहवत नाही. गिधाडांवरच्या लेखांत एक जुना सुखी काळ असतो : गावाबाहेरचा माळ, मेलेलं जनावर, उतरलेली गिधाडं, संध्याकाळपर्यंत स्वच्छ हाडं. या चित्रातून एक माणूस पुसलेला असतो. जनावर त्या माळावर आपोआप जात नव्हतं. कुणीतरी ते ओढून न्यायचं, कुणीतरी सोलायचं, आणि सोलल्यामुळंच गिधाडांचं काम झपाट्यानं व्हायचं, कारण धडधाकट बैलाचं राठ कातडं त्यांच्या चोचीला सहजी दाद देत नाही. कातडं एकाकडे जायचं, हाडं दुसऱ्याकडे, मांस गिधाडांकडे, आणि विटाळ ओढणाऱ्याकडे. निसर्गाची साखळी म्हणून जे सांगतात त्यातली एक कडी जातीची होती. महारांचं वतन कायद्यानं गेलं १९५८मध्ये. ओढण्याचं काम मात्र त्यानंतरही किती गावांत कुणाच्या वाट्याला येत राहिलं, हे खेड्यातून आलेल्या कुणालाही ठाऊक आहे. आणि २०१६च्या जुलैत गुजरातेत उना इथं मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारलं, तेव्हा उलट बाजूही दिसली. काम करा म्हणून जुलूम, केलंत म्हणून मार.

भाची : मामा, तू मला विचारलंस म्हणून सांगते. पहिल्या वर्षी मी गावांत सांगून ठेवलं, जनावर मेलं की फोन करा. फोन यायचे. मला नाही, आपल्या वाडीत. ‘तुमची मुलगी ढोरं मागते ना, मग घेऊन जा.’

मामा : बघ. बघ! हेच म्हणतोय मी.

भाची : म्हणून बदललं. आता मालकानं स्वतः ट्रॉलीत घालून गिधाडांच्या खाण्याच्या जागेवर आणायचं. तो नाही आला, तर मी जात नाही. दोनदा जनावर पडून राहिलं, वास सुटला, गावात बोंब झाली. तिसऱ्यांदा मालक आला. मराठा होता, चांगला जमीनदार. नाकाला उपरणं बांधून आला, पण आला.

मामा : स्वतः ओढलं?

भाची : मुलगा होता बरोबर. दोघांनी मिळून ओढलं.

मामा काही वेळ पोहे चिवडत राहिले. खरं तर भाचीनं तिच्या पणजोबांचंच वाक्य अमलात आणलं होतं, पण ते मी बोललो नाही. मामांनीच ते ओळखायला हवं होतं आणि त्यांनी ओळखलं असावं, कारण पुढचे प्रश्न निरीक्षकाच्या सुरात आले.

मामा : जागा कुणाची?

भाची : वन खात्याची. कुंपण आहे, कुत्री येऊ नयेत म्हणून. पाण्यापासून लांब. विजेच्या तारांपासूनही लांब, मोठ्या पंखांना तारांचा धोका असतो.

मामा : खायला येतात का तरी?

भाची : येतात. रायगडात खरं काम आधी दुसऱ्यांनी करून ठेवलंय. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रनं, भाऊ काटदरे आणि त्यांच्या लोकांनी. महाडच्या सीस्केपनं, प्रेमसागर मेस्त्रींनी. म्हसळ्याच्या चिरगावात माणसं घरट्याचं झाड राखतात. नाशकात हरसूलजवळ खोरीपाड्याला गावकरी आणि वन खातं मिळून असंच करतात, गडचिरोलीतही आहे. आपल्याकडे अडचण वेगळी. पॉवर टिलर आले, बैल कमी झाले, म्हणजे मरणारंही कमी. शिवाय पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड उंच झाडावर घरटं करतं. आंबा, बेहडा, ऐन, नारळसुद्धा. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-म्हसळ्यावरूनच गेलं, शंभर शंभर वर्षांची झाडं आडवी झाली. तसं झाड उभं राहायला तुझी-माझी हयात पुरणार नाही.

मामा : मग कशासाठी चाललंय हे सगळं? देशात उरलीत किती?

भाची : २०१५च्या गणनेवरून पांढऱ्या पुठ्ठ्याची सहा हजार, लांब चोचीची बारा हजार, असा अंदाज होता. घसरण थांबल्यासारखी आहे, वाढ म्हणावी तशी नाही. कशासाठी म्हणशील तर माणसाच्या हातातून हे काम कायमचं सुटावं म्हणूनही. तू बत्तीस वर्षं जे केलंस ते कुणाला तरी करावंच लागतं. मला ते पक्ष्यानं केलेलं जास्त आवडेल.

मामा : पक्षी ट्रॉली भरत नाही.

भाची : नाही भरत.

मामा : म्हणजे माणूस लागणारच. मग त्या माणसाचं लिहून घे आधी. कागद आण.

वहिनींनी किराणाच्या वहीतलं पान फाडून दिलं. मामांनी चष्मा लावला आणि सांगायला सुरुवात केली. भाची लिहीत होती. मृत जनावराची वाहतूक मालकाने स्वखर्चाने व स्वतः करावयाची. कोणत्याही विशिष्ट वस्तीस वा समाजास त्यासाठी बोलावता येणार नाही. मजूर लावल्यास रोख मजुरी, तीही आधी. हातमोजे, गमबूट, काम झाल्यावर साबण आणि पाणी. धनुर्वाताची लस. मागील आठ दिवसांत दिलेल्या औषधांची नोंद जनावरासोबत यायला हवी. नसल्यास जनावर खड्ड्यात जाईल.

भाची : मामा, औषधाचं कलम तू घातलंस.

मामा : काम करायचं तर नीट करायचं. आता हे ग्रामसभेत ठेव. ठराव म्हणून.

भाची : ग्रामसेवकाला सांगते, सही करून देतील.

मामा : ग्रामसेवक असल्या कागदावर सही करत नाही, बदली करून घेतो. सरपंचाची घे. आणि सहीखाली शिक्का.